बाळंतिणीची झोप

माझी धाकटी बहीण शालन बाळंत झाली ती सासरीच, चाकणला. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण आमची आई आधीच गेलेली, आणि माझ्या चिंचवडच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. शालनची सासू गोजाबाई म्हणाली, "आन् आमी काय मेलोय व्हय?" ती बाई मदतसुद्धा भांडल्यासारखी करायची.

पाचवीला मी गेले होते. पाट्यावर सटवाई मांडलेली, समोर शालन मुलाला मांडीवर घेऊन बसलेली. त्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, म्हणून त्या घरात बाळंतिणीनं डोळा मिटायचा नाही अशी रीत. शालन त्याच्या कितीतरी आधीपासून झोपलेली नव्हती, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सकाळी गोजाबाई आळीभर सांगत सुटली, "माझ्या सुनंची पापनी लवली न्हाई. देवीनं बळ दिलंय तिला." ते बळ कसलं, दुखण्याची सुरुवात होती ती. पण दुखण्यालाच ओवाळायला लागल्यावर त्याला घालवणार कोण?

बारशाच्या आधीच निरोप आला. शालन मुलाला जवळ घेईना. "ह्यो माझा न्हाई, माझा कुनीतरी बदलला," म्हणून ओरडत होती. एकदा आडाकडे धावली. मी पोचले तेव्हा तिचे हात खांबाला बांधलेले होते, भगत मिरच्यांची धुरी देत होता, आणि तिचा नवरा ज्योतीराम ओट्यावर नखं कुरतडत बसला होता. माझं टाळकंच सरकलं. मी निखाऱ्यांचं घमेलं लाथेनं उडवलं.

"ज्योतीराम," मी म्हटलं, "दावणीच्या बैलाला कुनी अशी धुरी दिली असती तर गप बसला असतास का?"

तो उठला आणि त्यानं दोर सोडले. त्याच्या नावावर मी एवढं एकच पुण्य मांडते.

माझे यजमान पिंपरीच्या नव्या कारखान्यात होते. तिथल्या एका साहेबांनी त्यांना पुण्यातल्या मनाच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. शालनला आम्ही तिकडे नेलं. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि विचारलं, "ही झोपली कधी होती?" मी बोटांवर रात्री मोजत पाचवीच्याही मागे गेले.

"वेड म्हणजे काही एकच आजार नव्हे," ते म्हणाले. "तापाचे जसे प्रकार असतात तसेच याचे. म्हणून आमच्या विद्येलाही शाखा आहेत. कुणी मुलांची मनं बघतो, कुणी म्हाताऱ्यांची, कुणी कोर्टात गुन्हेगार शहाणा की वेडा ते सांगतो. आणि काही दुखणी फक्त बाळंतिणींची असतात. हे त्यातलं. हे बरं होतं. विलायतेत आता आईबरोबर बाळालाही दवाखान्यात ठेवायला लागलेत. तुम्ही बाळ आणा."

बरं होतं, हे ऐकून मी तिथल्या बाकावर बसून ढसाढसा रडले. आमच्या गावात वेड एकच. ते लागलं की माणूस संपलं, मग त्याला खांब आणि दोर.

बाळ मात्र आलं नाही. "येडीचं दूध पाजून माझा नातू येडा करू?" गोजाबाईनं मला दारातूनच परत पाठवलं. शालनची थोरली जाऊ सुभद्रा तेव्हा अंगावर पाजत होती. तिनंच शालनच्या मुलालाही पदराखाली घेतलं.

औषधांनी, विजेच्या उपचारांनी शालन हळूहळू माणसात आली. आधी झोप आली, मग भूक, मग लाज, आणि एके दिवशी तिनं विचारलं, "अक्का, माझं बाळ दात काढतंय का गं?" घरी सोडताना डॉक्टरांनी मला बजावलं, "हिची झोप सांभाळा. पुन्हा रात्र-रात्र जागली तर दुखणं उलटू शकतं."

मी तिला घेऊन चाकणला गेले. सुभद्राच्या कडेवरचं मूल आमच्याकडे बघून तिच्या मानेत तोंड लपवायला लागलं. शालननं हात पुढे केले, तशी गोजाबाई मध्ये आली.

"त्या राती हिनं येडीच्या डोळ्यांनी जागरान केलं. त्ये देवीला पोचलंच न्हाई. म्हनूनच ह्ये इपरीत झालं. आता शानी झालीस न्हवं? मग फिरून मांड सटवाई. रात जागून काढ, सकाळी पोरगं तुझं. न्हाईतर सुभद्रा हाय की."

मी डॉक्टरांचं सांगून बघितलं, हात जोडले, शिव्याही दिल्या. ज्योतीराम पुन्हा ओट्यावर जाऊन बसला. गोजाबाई दुष्ट असती तर बरं झालं असतं. ती नातवासाठी भ्याली होती, आणि भ्यालेल्या माणसाला कितीही पटवा, पालथ्या घड्यावर पाणी.

"चल," मी शालनचा दंड धरला. "पोलीसपाटलाकडं जाऊ. पोर तुझं हाय."

शालननं हात सोडवून घेतला. "मी बसनार, अक्का."

"पुन्यांदा आलं म्हंजी?"

"आलं तर आलं. आज न्हाई बसले तर त्ये मला वळखनारच न्हाई."

तिनं चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं आणि स्वतःच पाटा धुवायला घेतला. मी म्हटलं, मग मीही तुझ्याशेजारी बसते.

"न्हाई. तू नीज," ती मान वर न करता म्हणाली. "उद्या माझं काय झालंच, तर त्याची आई कोन व्हती, कशी व्हती, त्ये सांगाया कुनीतरी शानं ऱ्हायला पायजे."

दिवेलागण झाली. बायका हळदीकुंकू घेऊन जमू लागल्या. मी आतल्या खोलीत गेले, गोधडी अंथरली आणि त्या सगळ्यांवर दातओठ खात डोळे घट्ट मिटून घेतले.