बेलभंडारा

नंदा माहेरी परतली, तेव्हा तिची लेक राजी नुकती दुडूदुडू चालायला लागली होती. नवऱ्याची, म्हस्कूची, मारझोड नंदाला सोसवेना. मग सासरच्या गावी, बोरीत, देवळापुढं जातीचे पंच बसले. सासूनं, तानूबाईनं, ताट धरलं आणि नंदानं बेलभंडारा उचलला : राजी शाळेत जाईस्तोवर बापाकडं राहील, तोवर आई बोरीची वाट चालणार नाही. मग लेक आईची.

शपथ मोडली तर पोरीच्या जिवाला धोका. नंदा गेली नाही. घोडेगावच्या बाजारात बोरीचं कुणी दिसलं, की मागंमागं जाऊन विचारी, "राजी बोलती का हो माझी? काय काय बोलती?" भाकरी थापता थापता हात थांबायचा, तव्यावरची भाकर करपून जायची.

राजी शाळेच्या वयाची झाली. म्हस्कू लेक देईना. नंदा कोर्टात गेली.

"पाच वर्षांत एकदा तरी मुलीला भेटलात?" म्हस्कूच्या वकिलानं विचारलं.

"न्हाई. बेलभंडारा उचलला व्हता. पंचांनीच..."

"कोण पंच?"

तिनं सावळेराम म्हाताऱ्याकडं बोट केलं. त्याला साक्षीला उभं केलं. असे पंच बसवणं गुन्हा आहे, हे म्हाताऱ्याला एव्हाना कळलं होतं. टोपी काढून तो म्हणाला, "कसलं पंच, सायेब? आमी मेंढरामागची माणसं. बसलो आसंल च्या प्यायला." कोर्टात हशा पिकला.

नंदा सासूकडं वळली. "आत्याबाई, ताट तुमच्याच हातात व्हतं की वो."

तानूबाईनं पदर पुढं ओढून तोंड फिरवलं.

हुकूम झाला : लेक आईला ओळखतही नाही, निकाल लागेपर्यंत ती आहे तिथंच राहील. आईनं दर शनिवारी कोर्टातल्या खोलीत तिला भेटावं.

"अगं, एकदा तरी जायचंस ना!" नंदाची वकीलबाई कळवळून म्हणाली.

"आन् राजीला काय झालं आसतं म्हंजे?"



शनिवारी राजी आजीचा पदर धरून आली. दारातच थबकली.

"आजे, ही कोण गं?"

तानूबाईनं तिला जवळ ओढलं. "पावणी हाय, बाय."

धावत जाऊन लेकराला उराशी धरावं, असं नंदाला झालं. पण पोर बिथरली, रडली, तर तेही जज्जसाहेबांच्या कानावर जाणार. ती लांबच्या बाकावर टेकली, डोळे पुसले, आणि घरी आलेल्या पाहुणीनं विचारावं तसं विचारलं,

"नाव काय गं तुजं, बाळा?"