वजनाची चौकशी

मनुबाई कुठल्याही दुकानात शिरली की आधी दुकानदाराची चौकशी होते, मालाची मागाहून. अलिबागच्या एसटी स्टँडामागच्या या लॅपटॉपच्या दुकानातही तेच झालं. काचेचं दार ढकलून आत आली, एसीच्या गारव्यात पदर अंगाभोवती ओढून घेतला आणि काउंटरमागच्या माणसाला तिनं आधी नाव विचारलं, मग गाव. नाव निकेत निघालं, गाव पेझारीजवळचं. त्याची आत्या चौलात दिलेली होती, आणि चौलच्या वाड्यांमधून मासळीची पाटी घेऊन फिरण्यात मनुबाईची तीस वर्षं गेली होती. दोन मिनिटांत त्या आत्याच्या घरी कोलंबी चालते पण खेकडा-कुर्ली चालत नाही, इथपर्यंत माहिती बाहेर आली.

शेजारी तिची सून क्रांती ओठ दाबून हसत उभी होती. तिला हे नवं नव्हतं. रेवदंड्याच्या कोळीवाड्यात मनुबाईच्या तावडीतून कुणी सुटत नसे. बोट कुठे गेली होती, जाळ्यात काय आलं, पोरीला बघायला कोण आलं होतं, त्यांनी पोहे खाल्ले की तसेच ठेवले, हे सगळं तिला कळायलाच हवं असायचं. यात वाईट हेतू काही नसायचा. जग कसं चाललंय हे कळल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नसे, एवढंच.

मनुबाईचा एकुलता एक मुलगा सुजित काविळीनं गेला, त्याला आता चार वर्षं होत आली. क्रांती तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. माहेर किहीमचं. तिचे वडील दोनदा न्यायला आले, दोनदा एकटेच परत गेले. ती का राहिली हे तिनं सांगितलं नाही. सकाळी मनुबाई पाटी घेऊन निघायची आणि क्रांती माजघरात टेबलावर लॅपटॉप उघडून बसायची. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती गावोगावच्या पाण्याच्या योजनांचे नकाशे काढायची. जुन्या लॅपटॉपची बिजागरी खाऱ्या हवेनं गंजून मोडली, त्याचा पंखा पडवीपर्यंत ऐकू येऊ लागला, म्हणून आज दोघी नवा घ्यायला आल्या होत्या.

"ताई, काय दाखवू?" निकेतनं विचारलं.

"हलका हवाय. पातळ," क्रांती म्हणाली. "वजन किती आणि बॅटरी किती तास चालते, ते आधी सांगा."

तिनं हे पाठ केल्यासारखं म्हटलं. निकेतनं राखाडी रंगाचा एक पातळसा लॅपटॉप पुढे ठेवला. क्रांतीनं हात लावायच्या आधीच मनुबाईनं तो उचलला. एका तळव्यावर घेतला, दोनदा वरखाली केला.

"किलोला जरासा कमी हाय," ती म्हणाली.

निकेतनं मागचा कागद वाचला. नऊशे ऐंशी ग्रॅम. त्याला गंमत वाटली. त्यानं दुसरा दिला, तिसरा दिला. मनुबाईनं सव्वा किलो सांगितलं, दीड सांगितलं, आणि दोन्ही वेळा कागदानं तिचंच म्हणणं खरं केलं. तराजूशिवाय मासळी विकत आलेल्या बाईला यात विशेष काही वाटलं नाही. तिचं लक्ष काउंटरवरच्या काळ्या डबीवर आणि वायरीच्या गुंडाळीवर गेलं होतं.

"आनि ह्यो काय?"

"चार्जर, मावशी. तो बरोबरच येतो."

"मंग ह्याचं वजन तुज्या कागदावर हाय का?"

निकेतनं कागद पुन्हा पाहिला. नव्हतं. मनुबाईनं पहिला राखाडी लॅपटॉप आणि चार्जर एकत्र तोलले. "सव्वा किलो झाला बग. बर्फाचे पैसे आमी गिऱ्हाईकाकडनं घेत न्हाय, पन चालताना बर्फ डोक्यावरच असतो."

क्रांती मोठ्यानं हसली. मग तिनं पिशवीतून लहानशी वही काढून त्यात काहीतरी लिहिलं. मनुबाईनं मान लांब करून पाहिलं. वहीत सहा-सात लॅपटॉपची नावं होती आणि प्रत्येकापुढे नुसतं वजन. आता यात आणखी चार्जरची भर पडत होती. मनुबाईला वाचता बेताचंच येत असलं तरी आकडे चांगले येत होते, आणि हे आकडे तिला खटकले.

"पन काय गो," तिनं सुनेला विचारलं, "घरात टेबलावरनं तो हलत न्हाय. मंग हलका कनाला पायजे?"

"हल्ली सगळे हलकेच येतात, आई."

"नाही ताई, जडही येतात की," निकेत प्रामाणिकपणे म्हणाला, आणि क्रांतीनं नको नको म्हणेपर्यंत त्यानं कपाटातून एक दांडगा काळा लॅपटॉप आणून समोर ठेवला. त्याचा स्क्रीन मोठा होता, बटणं ऐसपैस होती. मनुबाईनं तो दोन्ही हातांनी उचलला. सव्वादोन किलो तरी होता.

मनुबाईनं तो खाली ठेवला, पण डोक्यात आलेला विचार काही खाली बसेना. मासळी विकणाऱ्या बाईनं पाटी किती भरली यावरून ती कुठे निघाली ते कोळीवाड्यात कुणीही सांगतं. बंदरावरच बसून विकणारी पाटी काठोकाठ भरते. बाजारापर्यंत जाणारी थोडी कमी घेते. आणि जिला चौलच्या शेवटच्या वाडीपर्यंत चालायचं असतं ती चांगला स्वस्त माल समोर असला तरी हात राखून भरते. वजनाचा विचार आधी करते ती लांब जाणारी. माजघरात बसून काम करणाऱ्या बाईला नऊशे आणि बाराशे ग्रॅमचा हिशेब काय करायचाय? आमच्याकडे वीज जाते, म्हणून बॅटरी जास्त हवी हे एक वेळ ठीक होतं. वजनाला मात्र कारण सापडेना.

सापडत नव्हतं असंही नाही. सापडलेलं तिला आवडत नव्हतं.

क्रांतीनं पेनड्राइव्ह लावून दोन्ही लॅपटॉपवर आपला एक नकाशा उघडला. काळ्यावर तो पटकन आला. पातळ लॅपटॉपवर वेळ लागला, रेघा हळूहळू उमटत गेल्या. मनुबाई पुढे सरकली. एवढी वर्षं सून हे करते, पण असं जवळून, मोठं करून तिनं कधी पाहिलं नव्हतं. निळी रेघ डोंगरावरून खाली येत होती, तिला फाटे फुटत होते, मधेमधे ठिपके होते.

"ही रेघ म्हंजे पाइप?"

"हो. हा ठिपका म्हणजे विहीर. ही वर टाकी. इथून पाणी आपोआप खाली येतं, मोटर लागत नाही."

"कुठलं गाव?"

"साताऱ्याकडचं. पंचेचाळीस घरं आहेत."

"विहिरीचं पानी गोडं हाय? मे म्हयन्यात टिकतं का? आनि ही रेघ अशी वाकडी कनाला गेली?"

क्रांतीनं बोट त्या वळणावर ठेवलं आणि तिथंच राहू दिलं. "काय माहीत. तिथं मोठं झाड असेल. नाहीतर कुणाचं तरी देऊळ. साडेतीन वर्षांत अशी दोनशे गावं काढली मी, आई. पाहिलं एकही नाही."

तिनं हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. मनुबाईला त्यातली हाव ऐकू आली. ती हाव तिच्या चांगल्या ओळखीची होती. भाजणीच्या वासावरून लोकांच्या स्वयंपाकघरात डोकावणाऱ्या बाईला ती ओळखू आली नसती तरच नवल. कागदावर दोनशे गावं काढायची आणि त्या वळणावर काय आहे ते मात्र कळायचं नाही, म्हणजे पोरीचं काय होत असेल, असं तिला वाटून गेलं.

तेवढ्यात निकेतनं बाटलीतून पाणी दिलं आणि सहज विचारलं, "मावशी, माझी तर सगळी वंशावळ काढलीत. तुमच्या घरी कोण कोण?"

"आमी दोघीच," मनुबाई म्हणाली. "ही हाय म्हनून घराला घरपन हाय. न्हायतर माज्याशी बोलायला कोन, भिंत?"

हे ती नेहमीच म्हणायची. लग्नात म्हणायची, बाजारात म्हणायची, कौतुकानं म्हणायची. पण या वेळी तिनं क्रांतीचा हात पाहिला. त्या हातानं पातळ लॅपटॉप हळूच मिटला आणि बाजूला सारला.

"काम घरीच असतं ना ताई?" निकेत विचारत होता.

"घरीच," क्रांती म्हणाली. "हा काळाच द्या. नकाशे लवकर उघडतात यावर."

"मग तर हाच घ्या. घरी वापरायला वजनाचं काय एवढं?" असं म्हणून निकेत बंद खोकं आणायला आत गेला.

मनुबाईला आधी हायसंच वाटलं. खोटं कशाला बोला? तिला बरं वाटलं. पोर कुठं जात नव्हती. सव्वादोन किलोचं ते काळं धूड टेबलावर बसणार होतं आणि त्याच्यासमोर क्रांती बसणार होती. आपण काही केलेलं नाही, काही मागितलेलं नाही, तिचं तिनंच ठरवलंय. आता फक्त गप्प बसायचं होतं. निकेत खोकं घेऊन येईपर्यंत तोंड मिटून उभं राहायचं, की झालं.

आणि तेच तिला जमेना. आयुष्यभर तिनं सगळ्यांना सगळं विचारलं होतं. परक्या बाईला तुझा नवरा तुला मारतो का, म्हणून भर रस्त्यात विचारलं होतं. पण आपल्याच घरात, चार वर्षं एका ताटलीतलं लोणचं खाणाऱ्या या पोरीला तिनं एक गोष्ट विचारली नव्हती. विसरून नाही. उत्तर काय येईल ते माहीत होतं म्हणून. त्याची तिला आता लाज वाटली, आणि लाज वाटली की तिला राग येतो.

"क्रांती," ती जरा तोडूनच म्हणाली, "तुला जायाचं हाय का?"

"कुठे?"

"ते तू सांग. सहा म्हयने का साल, ते बी सांग. पन आधी हे सांग, जायाचं हाय का?"

क्रांतीनं काउंटरवरची वायर सरळ केली, पुन्हा गुंडाळली. "कंपनीनं विचारलंय. साताऱ्याला राहायचं आणि गावोगाव फिरून कामं तपासायची. दोन वर्षं तरी. मी आज त्यांना नाही म्हणून कळवणार आहे, आई."

"कळवनार काय ते मी इचारलं न्हाय."

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. आत निकेत खोकी सरकवत होता, त्याचा आवाज येत होता. क्रांतीचे डोळे भरून आले, पण तिनं मान खाली घातली नाही.

"हो," ती म्हणाली. "जायचंय. खूप जायचंय."

माहीत असलेली गोष्ट कानानं ऐकली की वेगळीच लागते. तिला क्षणभर त्या कंपनीचा राग आला, साताऱ्याचा आला, चार वर्षांपूर्वी निघून गेलेल्या स्वतःच्या मुलाचाही आला. मग निकेत भलंमोठं खोकं छातीशी धरून बाहेर आला, आणि तिनं त्याच्यासमोर हात आडवा धरला.

"ह्यो नको. तो पातळवाला आन."

"पण मावशी, ताई म्हणाल्या काम घरीच—"

"घरी मी हाय," मनुबाई म्हणाली. "ही बाहेर असनार."

निकेतनं एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा सासूकडे, आणि शहाण्या माणसासारखा खोकं घेऊन परत आत गेला.

क्रांतीनं मनुबाईचं मनगट धरलं. घट्ट धरलं. "आई, तुम्हाला एकटीला राहवेल?"

लोकांना धीर देताना मनुबाई खुशाल खोटं बोलायची, पण सुनेशी खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं.

"न्हाय राहवनार," ती म्हणाली. "पन ऱ्हाईन."