शून्याच्या खालचा भूकंप

मित्रांनो, मी एक जुना भूकंपमापक आहे. तळघरातल्या दगडी ओट्यावर मी जन्म काढला. माझ्या पोटात एक जड लंबक आहे. जमीन हलली तरी त्याने जागचे हलायचे नाही, एवढेच त्याचे काम. स्वस्थ बसण्यासाठीच मुद्दाम घडवलेला दुसरा कोणी मला तरी माहीत नाही. माझी लेखणी मात्र फिरत्या ढोलावरच्या कागदावर दिवसभर रेघ ओढत असते.

नवा होतो तेव्हा लोक मला पाहायला येत आणि एकच विचारत, "सगळ्यांत मोठा भूकंप कुठला पकडला?" त्यांना समजावताना माझे निरीक्षक थकून जात. घाबरलेल्या माणसाला प्रत्येक धक्का मोठाच वाटतो. शास्त्रात मात्र रेघ किती हलली आणि धक्का किती लांबून आला, दोन्ही पाहावे लागते. भूकंपाच्या मापात चार आणि पाच यांत फरक एकाचाच दिसतो, पण तेवढ्याच अंतरावरून रेघ दहापट हलते. दूरचा भयंकर भूकंप माझ्यापाशी नुसता कुजबुजतो आणि शेजारी कोणी पाय आपटला तर मी थैमान घालतो. म्हणून निरीक्षकांशिवाय तळघरात कोणी उतरायचे नाही, असा कडक नियम होता.

निरीक्षकांचे बिऱ्हाड वरच्याच मजल्यावर. त्यांच्या सासूबाईंना मी डोळ्यांसमोर नको असे. "जावईबापू माझ्या लेकीपेक्षा त्या डबड्याची जास्त विचारपूस करतात," असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. एका दुपारी निरीक्षक शाई आणायला गेले. उकाडा फार होता. लोण्याचा डबा गार जागी ठेवावा म्हणून सासूबाई गुपचूप खाली उतरल्या, शेवटची पायरी चुकल्या आणि धप्पकन बसल्या. माझी लेखणी कागदाच्या दोन्ही कडांना जाऊन आली. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, डबा उचलला आणि लंगडत वर गेल्या. पाहणारे कोणी नव्हते, पण मी लिहून ठेवले होते.

वेधशाळेचे साहेब नवे होते. त्यांची सारी नोकरी पाऊस मोजण्यात गेलेली. ती रेघ पाहताच त्यांनी बातम्यांच्या कचेरीत फोन लावला आणि तासाभरात अर्धे गाव उशा-पांघरुणे घेऊन मैदानात आले. दुसऱ्या दिवशी कळले, की इतर वेधशाळांत पानही हलले नव्हते.

"यंत्र बिघडलंय. भंगारात काढा," साहेब म्हणाले.

"बिघडलेलं नाही, साहेब. इथं काहीतरी पडलंय."

"काय पडलं? दाखवा."

दाखवणार काय? तिसऱ्या दिवशी साहेब आणि निरीक्षकांच्या देखत भंगारवाला येऊन माझे स्क्रू सैल करू लागला. मला फार वाईट वाटले, मित्रांनो. इतकी वर्षे न हलण्याचीच सवय होती.

तेवढ्यात भिंत धरत, एकेक पायरी चाचपत सासूबाई खाली आल्या.

"ते स्क्रू पिळा परत," त्या म्हणाल्या. "पडले ती मी. त्या बिचाऱ्यानं खरं तेच लिहिलंय."

साहेब छताकडे पाहू लागले.

"आणि जावईबापू, मी किती मोठी भरले? अख्खं गाव बाहेर काढलंय मी."

निरीक्षकांनी कागदाच्या कोपऱ्यात आकडेमोड केली आणि जरा चाचरत म्हणाले, "शून्याच्या खाली, आई. उणे."

"उणे? तीन दिवस मला धड बसता येत नाही."

"जमिनीला किती धक्का बसला तेवढंच यातून कळतं, आई. माणसाला किती लागलं ते..." निरीक्षक मध्येच थांबले. तीन दिवस जो तो त्यांना आकडा विचारत होता. घरात लंगडणाऱ्या माणसाला मात्र त्यांनीही काही विचारले नव्हते.

"कुठं लागलं, आई?"

"आत्ता सुचलं होय," असे म्हणत त्या स्टुलावर टेकल्या, आणि लगेच उठल्या.

मी अजून ओट्यावरच आहे. जिन्याला कठडा बसला आहे. त्या कागदावर निरीक्षकांच्या अक्षरात नोंद आहे, 'सासूबाई, शेवटची पायरी.' मित्रांनो, मला वेळच्या वेळी तेल आणि शाई द्या, दुसरे काही नको. आणि कोणी धप्पकन पडलेच, तर किती हादरा बसला ते सावकाश मला विचारा. कुठे लागले ते आधी त्यांना विचारा.