चार पोती, एकच यादी

"घाणा बंद कर रे!" मुफीदा खिडकीतून ओरडली, तशा अंगणातल्या रांगेतल्या सगळ्या माना वळल्या.

तिच्या हातात तेलाच्या डब्यांवर लावायच्या चिठ्ठ्या होत्या. विधवा झोहरामावशीच्या चार पोत्यांच्या तेलावर एका चाळीस पोत्यांच्या व्यापाऱ्याचं नाव! ट्युनिशियातल्या स्फॅक्सजवळच्या या ऑलिव्हच्या घाण्यावर मुफीदाने बारा हंगाम कारकुनी केली होती. इथला माणूस एक वेळ नातं तुटलेलं सोसेल, पण आपल्या झाडांचं तेल दुसऱ्याच्या डब्यात गेलेलं सोसणार नाही.

मालक लझहर धावत आले. "अगं बाई, फळं तापतायत पोत्यांत!"

"अर्धा तास द्या, मालक. नाहीतर मावशीचं तेल चाललं बाजारात."

"तुझं ते संगणकाचं यंत्र कधी चुकत नाही म्हणे?"

"यंत्र नाही, मी चुकले."

चूक तिने पुस्तक वाचून स्वतःच लिहिलेल्या मॅक्रोंमध्ये, म्हणजे संगणकाला दिलेल्या छोट्या आज्ञावल्यांमध्ये होती. पहिला मॅक्रो सकाळी तक्त्यातली नावं घेऊन रांग लावी. दुसरा चिठ्ठ्या छापताना तोच तक्ता नव्याने वाची. मधल्या वेळात मालकांच्या मेहुण्याने नावं वर-खाली केली आणि एकाच्या दोन याद्या झाल्या.

मुफीदाने नावं सकाळच्या क्रमाने लावली आणि दुसऱ्या मॅक्रोला पहिल्याचीच यादी वापरायला सांगितलं. त्याला ती सापडेचना. पहिला संपला की त्याच्या पोटातला नावांच्या यादीचा अ‍ॅरेही संपत होता.

"काय मुफीदा, यंत्र कॉफी प्यायला गेलं का?" रांगेतून कुणी तरी खिजवलं.

"तुझ्यासारखंच आहे, बसलं की उठत नाही!"

बोलता बोलताच तिला सुचलं. घरात मिठाची बरणी एकच असावी आणि ती सगळ्यांच्या हाताला यावी. तिने अ‍ॅरे दोन्ही मॅक्रोंच्या बाहेर, अगदी वरच्या ओळीत मांडला. पहिल्याने एकदाच भरायचा, मग कुणीही वाचायचा. चिठ्ठ्या बरोबर छापून आल्या, आणि मुफीदा स्वतःवर मनापासून खूश झाली.

दुपारी मावशीचं तेल पडू लागलं. मुफीदा चिठ्ठी घेऊन पुढे झाली. "हे तुमचंच, मावशी. मी खात्री केलीय."

मावशीने चिठ्ठीकडे पाहिलंसुद्धा नाही. भाकरीचा तुकडा धारेखाली धरला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावत राहिली.

"कडूच आहे मेलं," ती म्हणाली. "आमच्या ह्यांनी लावलेली झाडं अशीच. लाव आता तुझी चिठ्ठी."