आज पाचपर्यंत राखीव

चिमट्याच्या टोकात धरलेली अळी वळवळते आहे, पिवळी, शेंगदाण्याच्या टरफलासारखी चुरचुरीत, आणि तिच्या पलीकडे, डब्याच्या कोपऱ्यात, तो बसला आहे आणि बघतो आहे, पण अळीकडे नाही, चिमट्याकडे. अळी बशीत ठेवली की हा साहेब तोंड फिरवतो. बशीतली अळी याच्या लेखी अळीच नव्हे. तीच उचलून नाकासमोर धरा, की शेपटीचं टोक थरथरतं, मान खाली जाते आणि... गट्टम्. घे बाबा. खा. तुझे लाड मीच केले, आता मीच निस्तरणार.

गेको म्हणायचं त्याला. घरी येणारे-जाणारे पालच म्हणतात आणि अंग चोरून सोफ्याच्या टोकाला बसतात. म्हणोत बापडे! मागच्या खोलीतल्या लोखंडी मांडणीवर तिचे बावीस डबे आहेत, प्रत्येकाखाली ऊब देणारी पट्टी, आणि सहा वर्षांत एकदाही या खोलीचा वास बाहेरच्या खोलीत गेलेला नाही. हा मात्र बावीसांतला एक नव्हे. अंगावर एकही ठिपका नसलेला, दुधात हळद पडावी तशा रंगाचा... तीन वर्षं जोड्या लावून, निरखून, पुन्हा जोड्या लावून, एकाच अंड्यातून एकदाच निघालेला. अंडं उचललं तेव्हा वरच्या बाजूला पेन्सिलीने बारीक ठिपका काढला होता. हे अंडं उलटं झालं की आतला जीव जातो, म्हणून ठिपका कायम वर. पन्नास दिवस ती लॅबमधल्या नोकरीवरून आली की चपला काढायच्या आधी ठिपका बघायची.

डब्यावर चिकटपट्टी, तिच्याच अक्षरात: राखीव. आज पाचपर्यंत.

आज पाचपर्यंत हे चौथ्यांदा लिहिलेलं आहे. इसार घेतला त्याला दोन महिने होऊन गेले. गिऱ्हाइकाचं नाव तिच्या फोनमध्ये ‘नक्कीवाले’ असं आहे, कारण प्रत्येक निरोपात ‘नक्की येतो’ असतंच. नक्की येतो, गाडी बंद पडली. नक्की येतो, सासूबाईंचा गुडघा. नक्की येतो, मुलीची परीक्षा. फोनमध्ये अशी आणखी मंडळी आहेत: ‘सहज विचारलं’, ‘आणखी फोटो’, ‘भाव शेवटचा सांगा’. पण याच्यासाठी इसार नक्कीवाल्यांनी दिला होता, आणि इसार दिला म्हणजे शब्द बांधला. मध्येच एक म्हातारे घड्याळदुरुस्तीवाले आले होते, डब्यापुढे अर्धा तास उकिडवे बसले, रोख पैसे घेऊन आले होते. तिने नाही म्हटलं. राखीव आहे, काका. काका गेले आणि दुसरीकडून दुसरा घेऊन मोकळे झाले, त्यांनी तरी किती थांबावं?

आणि थांबण्यातच ती चूक झाली. याने कात टाकली आणि खाणं सोडलं. शेपटी बारीक व्हायला लागली, जाड शेपटी म्हणजेच याची सगळी साठवण, आणि तिच्या डोक्यात एकच: उद्या नक्कीवाले आले तर म्हणतील, उपाशी ठेवलात. म्हणून चिमटा. चार दिवसच, म्हणाली होती ती. आता चिमट्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि बशीतून आपलं आपण खात नाही तोवर जनावर घराबाहेर द्यायचं नाही हा तिचाच नियम. दुसऱ्याच्या नावाने सांभाळता सांभाळता ते कुणालाच देण्याजोगं राहिलं नाही... याही वेळी इसार परत नाही म्हणजे नाही. तो पैसा या दोन महिन्यांचा आहे. माझ्या दोन महिन्यांचा.

बाबा असते तर परत दिला असता. बाबांनी तर घेतलाच नसता! बाबा शिंपी. कापड घ्यायचे, मापं घ्यायचे, शिवून, काज करून, इस्त्री करून ठेवायचे, आणि माणसं यायची नाहीत. शिलाई आधी घ्या ना बाबा. ओळखीची माणसं आहेत गं. ओळखीच्या माणसांचे न नेलेले कपडे लोखंडी कपाटात साठत आणि वर्षभराने तिच्या अंगावर येत. सातवीत, निळा फ्रॉक, बाह्यांना पांढरी गोट, आणि मधल्या सुट्टीत डॉक्टरांची मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, अय्या, हा माझा आहे, आम्ही न्यायला विसरलो. काढून दे असं ती म्हणाली नव्हती. नुसती हसली. त्या दिवशी घरी येऊन ती बाबांवर ओरडली होती आणि बाबा हातातली सुई थांबवून म्हणाले, जाऊ दे गं, चांगला दिसतो तुला.

जाऊ दे! मी जाऊ देणारी नव्हे. सहा वर्षांत तीन जणांना तिने स्वच्छ सांगितलं होतं, इसार परत मिळणार नाही. पहिल्या वेळी निरोप सात वेळा खोडून लिहिला. दुसऱ्या वेळी दोनदाच. तिसऱ्या वेळी निरोप पाठवून ती सरळ कणीक मळायला गेली. कुणी गेकोवाल्यांच्या ग्रुपवर बदनामी केली नाही, कुणी दारात येऊन तमाशा केला नाही. त्या तीन ‘नाहीं’वर ती जगत आली होती म्हटलं तरी चालेल. लॅबच्या साहेबांनी सलग पाचवा रविवार माथी मारला तेव्हा तीच तीन आठवून ती म्हणाली, जमणार नाही, सर. नणंदेने पाहुण्यांसाठी ही खोली रिकामी करून मागितली तेव्हाही.

पावणेचारला फोन वाजला. नक्कीवाले. ‘आमचं घ्यायचं रद्द झालं. इसार परत पाठवा. घाई नाही, रात्रीपर्यंत चालेल.’

घाई नाही म्हणे! केवढे उपकार.

तिने उभ्या उभ्या लिहिलं, ‘परत मिळणार नाही. घेताना सांगितलं होतं.’ आणि चिमटा धुवायला वळते तोच उत्तर आलं.

‘तुम्ही असं म्हणताच, माहीत आहे मला. माझ्या मावसभावालाही असंच म्हणाला होतात. संध्याकाळपर्यंत त्याचे पैसे परत आले की. म्हणून तर बिनधास्त तुमच्याकडेच बुक केलं.’

मावसभाऊ... म्हणजे ‘आणखी फोटो’, त्यानेच तर यांना नंबर दिला होता. मागच्या वर्षीचा. कणकेचा. पण मी तर त्याला... नळ चालू राहिला. चिमट्यावरून पाणी वाहतं आहे आणि ती ते बघते आहे, आणि तिला कळलं: पैसे घरातूनच गेले.

नवरा स्वयंपाकघरात काकडी सोलत होता. वीज कार्यालयातल्या तक्रारींच्या खिडकीवर बावीस वर्षं बसलेला माणूस. दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या आणि ‘बघतो हं, होऊन जाईल’ म्हणायचं.

“मागच्या वर्षी त्या फोटोवाल्याला तू पैसे परत दिलेस?”

काकडी सोलणारा हात थांबला.

“अगं, तो ग्रुपवर काहीबाही लिहिणार होता. तुझा नंबर लागेना म्हणून माझ्या नंबरवर फोन आला त्याचा. म्हटलं, कशाला उगाच.”

“आणि त्याच्या आधीचे?”

तो काकडीची सालं गोळा करू लागला.

“दोघांनाही?”

“तू रात्र रात्र जागायचीस. बघवायचं नाही मला. माझ्या पगारातून दिले, तुझ्या पैशाला हात नाही लावला.” आणि मग समजुतीच्या सुरात, तक्रारींच्या खिडकीवरच्याच, “याचेही देऊन टाकतो. प्रकरण मिटेल. तुझा शब्दही राहील.”

माझा शब्द! तिला हसू आलं, वाईट हसू. पुढच्या दाराशी ती कंबर कसून उभी राहायची आणि मागच्या दाराने हा हात जोडत जायचा. सगळ्यांना ठाऊक होतं. मावसभावाला, नक्कीवाल्यांना, न जाणो, अख्ख्या ग्रुपला... ती नाही म्हणते, पण नवरा देतो. तिलाच तेवढं ठाऊक नव्हतं. आणि हा वाईट माणूसही नाही, हीच तर पंचाईत. वाईट असता तर भांडता आलं असतं. बाबाही वाईट नव्हते. पण बाबा भले होते असं जे ती आजवर म्हणत आली ते खोटं होतं, बाबा भ्यायचे. गिऱ्हाइकाच्या कपाळावरच्या आठीला भ्यायचे, आणि त्या भिण्याला सगळं घर भलेपणा म्हणायचं.

“मला राग आलाय,” ती म्हणाली. “आणि तू तो मिटवायचा नाहीस.”

“अगं पण तो बदनामी करेल. पुढे कोण घेईल तुझ्याकडून?”

“करू दे.”

त्याचा फोन ओट्यावर होता. त्याने तो उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. बोटांना काकडीचं पाणी. ती बघत राहिली. हिसकावून घेणं सोपं होतं. तिने घेतला नाही.

म्हणजे ते तीन ‘नाही’ नव्हतेच. एकही नाही. लॅबमध्ये साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिले तेव्हा मी ज्यांच्या जोरावर उभी होते ते असे आतून पोकळ... पायाखाली काही नव्हतंच... ओट्याला टेकून ती हे सगळं एकेक करून बघत होती, आणि बघता बघता तिला जरा चमत्कारिकच वाटलं. कारण रविवार तर सुटला होता! साहेबांना कुणी मागून जाऊन सॉरी म्हटलं नव्हतं. ही खोलीही तिचीच राहिली होती, नणंद रुसली ती अजून रुसलेलीच आहे. ते सगळं कुणी केलं मग? पायाखाली काही नव्हतं, आणि तरी मी उभी होते. ते तीन गेले तर जाऊ देत, पण हे तर माझंच.

“काय करू?” त्याने विचारलं. खरंच विचारलं, फोन हातात धरून.

“तुला द्यायचे असतील तर दे,” ती म्हणाली. “पण इथे, माझ्यासमोर बसून दे. आणि त्याला लिही, हे मी देतोय, माझ्या भीतीचे. ती नाहीच म्हणाली आहे.”

तो खुर्चीत बसला. फोनचा उजेड त्याच्या चष्म्यावर पडला होता, आणि तो काय करतो आहे हे वाकून बघावं असं तिला वाटलं नाही.