पंचवीस वर्षांचं बोट

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बूचबाबांनी बाजारातल्या सर्वांत स्वस्त वाइनच्या बाटलीला बोट लावलं आणि ती उत्तम झाली. साक्षीदार दोनशेच्या वर होते. स्थळ फर्निचरचं बंद पडलेलं दुकान, त्यामुळे सगळे उभेच.

"द्राक्ष म्हणजे काळाचा गुलाम," बाबा सांगत होते. अंगात जांभळा कोट, गळ्यात बुचांची माळ. "आणि मी काळाचा मुकादम. तळघरात पंचवीस वर्षं झोपून बाटली जे कमावते, ते हे बोट पाच मिनिटांत देतं. या, आधी तोंड गोड करा."

पद्धत ठरलेली होती. येईल त्याला चमचाभर मध. मग त्याच्याच बाटलीतला एक 'कच्चा' घोट. त्याचं तोंड वाकडं झालं की बाबा बाटलीच्या गळ्याला बोट टेकवून पुटपुटू लागत. तेवढ्या वेळात शिष्या खाऱ्या दाण्यांची वाटी फिरवी. उभं राहून भूक लागते, म्हणून. मग दुसरा घोट, मिटलेले डोळे आणि शेवटी बोटाची फी.

दातांचे डॉक्टर दुसऱ्या घोटानंतर भिंतीला टेकले. "आधी बॅटरीतलं पाणी होतं हो. आता मखमल."

त्यांच्या मागे नाकवाले उभे होते. त्यांचं खरं आडनाव कुणाला आठवत नसे. कोपऱ्यावरचं वाइनचं दुकान त्यांचं. चाळीस बाटल्या चाखायच्या, एकोणचाळीस परत धाडायच्या आणि शिक्षकाच्या पगारात बसेल, पण पाहुण्यांसमोर मान खाली घालायला लावणार नाही, अशी एक फळीवर मांडायची, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. गेल्या तीन आठवड्यांत दुकानात फक्त मांजर फिरकलं होतं. लोक कुठूनही फडतूस बाटली उचलत आणि बाबांकडे नेत.

नाकवाल्यांनी मध खाल्ला, घोट घेतला, तोंड वाकडं केलं. दाणे खाल्ले, दुसरा घोट घेतला आणि त्यांचा चेहराच उतरला. वाइन खरोखर सुधारली होती.

"कायमचं शटर ओढतो आता," घरी येऊन ते धाकट्या बहिणीला म्हणाले. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. "लोक खोटं बोलतील, माझी जीभ नाही बोलणार. तीस वर्षं मी जे शोधत बसलो, ते त्या माणसाच्या बोटात आहे."

"दादा, बाटली कुणाच्या हातात होती?"

"माझ्याच. एक क्षण सोडली नाही."

"म्हणजे आत काही पडलं नाही. राहता राहिलं तुझं तोंड. त्यात काय काय गेलं, क्रमाने सांग."

"मध, वाइन, दाणे, वाइन."

"आणि दुकानात चाखतोस तेव्हा?"

"पाणी आणि कोरडा पाव. गोड खाऊन वाइन चाखणारा गाढव, असं मी गिऱ्हाइकांना रोज..." ते थांबले.

"मग आमच्या गाढवाने मध खाल्ला कशाला?"

"अगं, कुणी प्रेमाने चमचा पुढे केला तर नाही कसं म्हणायचं? बरं दिसतं का?"

पुढच्या रविवारी बहीण रांगेत पहिली होती. डॉक्टरांना तिने दंडाला धरून सोबत आणलं होतं. "हे आज आधी दाणे खाणार. मध मागून."

"ताई, रीत मोडते," बाबा म्हणाले.

"बोटाला काय फरक पडतो?" मागून पोस्टमन म्हणाला. तो बाबांचा कट्टर भक्त. "आमच्या बाबांचं बोट आहे ते. होऊ दे."

डॉक्टरांनी दाणे खाऊन कच्चा घोट घेतला. "मखमल," ते म्हणाले. बाबांचं बोट अजून खिशातच होतं. मग बोट लागलं, पाच मिनिटं पुटपुटणं झालं, मध झाला, दुसरा घोट झाला.

"बॅटरी," डॉक्टर कळवळले.

"पंचवीस वर्षं मागे गेली की काय?" पोस्टमनने विचारलं.

"श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले.

"मीठ कमी पडलं," बहीण म्हणाली आणि लोकांकडे वळली. "जिभेवर गोड असलं की वाइन आंबट, तुरट लागते. खारं खाल्लं की तीच तुरटी बोथट होते. बाटली आहे तशीच राहते, बदलतं ते तुमचं तोंड. माझ्यावरही विश्वास ठेवू नका, घरी करून बघा. कुणी चमत्कार दाखवला की एकदा क्रम उलटा करायचा. खरा असेल तर उलट्यानेही होईल."

लोक मागे वळून बघेपर्यंत बाबा मागच्या दाराने गेले होते. दाण्यांची वाटी तेवढी राहिली.

सोमवारी दहा वाजता नाकवाल्यांनी शटर वर केलं. बहिणीच्या सांगण्यावरून टेबलावर मध आणि खारे दाणे ठेवले. ज्याला पटत नसेल त्याने स्वतः पडताळून बघावं. पहिला आला पोस्टमन. त्याने पडताळलं, मान डोलावली आणि नाकवाल्यांनी निवडलेली बाटली घेतली. मग हळूच विचारलं, "हे दाणे वाटीत कुणी घातले?"

"मी. पिशवीतून."

"तुमच्याच हाताने ना?"

आणि त्याने चार दाणे कागदात जपून बांधून घेतले.

दुपारी तीनपर्यंतची माहिती अशी: दुकानाबाहेर एकोणीस जणांची रांग आहे. अकरा जणांना वाइन हवी आहे, आठ जणांना नुसते दाणे. नाकवाल्यांनी बहिणीला निरोप पाठवला आहे. शाळा अजून सुटलेली नाही.