हिल्माचा हिटर

हिल्मा ही गाडी होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर "काल हिल्माच्या पोटातून रात्रभर पाणी गळत होतं" असं ड्वाइट केम्पाइनेन चर्चच्या पायरीवर बोलला, की नवखे लोक टोपी काढून गंभीर चेहऱ्याने उभे राहायचे.

आठ सिलिंडर, तीन बाकं, नऊ माणसं, वय वर्षं एकोणीस. लांबी एवढी की तिचं नाक चर्चच्या आवारात शिरलं तरी शेपूट रस्त्यावरच्या रहदारीत अडकलेलं असे. नाव ड्वाइटच्या आत्यावरून पडलं होतं. तीही थोराड, तीही सकाळी लवकर सुरू व्हायची नाही, आणि एकदा सुरू झाली की कोणाच्या बापाच्यानेही थांबायची नाही. ड्वाइटची सहाही पोरं दवाखान्यातून हिल्मातच घरी आली. खरं म्हणजे पाचच आली. सहावा ओटो दवाखान्याकडे जाताना मधल्या बाकावरच झाला आणि तिथूनच परत फिरला.

तर अशी ही हिल्मा गंजत चालली होती. त्यांच्या हॅनकॉक गावात सहा महिने रस्त्यावर बर्फ आणि त्या बर्फावर मीठ. मीठ लोणच्याला टिकवतं, गाडीला खातं. मागच्या बाकाखालचा पत्रा गेला तेव्हा ड्वाइटने तिथे एक जाड, पिवळा पत्रा रिव्हेट मारून बसवला. त्यावर "पुढे हरणांचा वावर" असं लिहिलेलं होतं. तो पत्रा कुठून आला हे घरात कोणी विचारत नसे, आणि त्या वळणावर हरणं आता बेसावध लोकांसमोर येत.

मार्चमध्ये हिटर गेला. म्हणजे हिटर ठणठणीत होता, पण गरम पाणी त्याच्याकडे सोडणारा कॉक गंजून बंद पडला होता. मागच्या बाकावरच्या पोरांच्या मफलरवर बर्फाची साय धरायला लागली. ड्वाइट बोनेटखाली डोकं घालून अर्धा दिवस उभा राहिला. नवीन कॉक यायला दोन आठवडे लागणार होते. मग त्याने सरळ कॉकच उपटून टाकला आणि दोन्ही पाइप एकमेकांना जोडून क्लॅम्प आवळले. पंख्याचं बटण जळलं होतं, तेही काढून वायर थेट जोडली. आता गाडी सुरू की पंखा सुरू, आणि पंखा सुरू की हिटर भट्टीसारखा सुरू. हातासरशी त्याने मागच्या खिडक्यांनाही रिव्हेट मारले, कारण तिथून वारं यायचं.

"हे बंद कसं करायचं?" लॉर्नाने, त्याच्या बायकोने विचारलं होतं.

"बंद कशाला करायचं?" ड्वाइट म्हणाला. त्याला प्रश्नच कळला नव्हता. लॉर्नालाही मग आपण हे का विचारलं ते आठवेना. बाहेर कमरेएवढा बर्फ होता. उन्हाळा नावाची गोष्ट असते, ती दरवर्षी येते, असं मार्चमध्ये हॅनकॉकात कोणी बोललं असतं, तर त्याला दूध पाजून झोपवलं असतं.

पुढे एप्रिल गेला, मे गेला. चर्च चार मिनिटांवर, दुकान सहा मिनिटांवर. हिल्मा तापेपर्यंत उतरायची वेळ व्हायची. जूनमध्येही लोक अंगात स्वेटर घालूनच होते.

मग जुलैतलं लग्न आलं. लॉर्नाच्या मिनेसोटातल्या बहिणीची मुलगी, नवरा नॉर्वेजियन, सहा तासांचा रस्ता. त्याच सुमारास लॉर्नाचा भाऊ रेमंड आपली तीन वर्षांची पांढरी व्हॅन घेऊन दारात आला. त्याची पोरं मोठी झाली होती, व्हॅन त्याला नको होती.

"दाजी, बारा सीट आहेत," रेमंड म्हणाला. "एसी आहे. मागची सीट गार, पुढची सीट गार, मधलीही गार."

"तुरुंगाची गाडी वाटते रे."

"तुरुंगाच्या गाडीला तळ असतो, दाजी. तुमच्याला हरणांची पाटी आहे."

लॉर्ना दोघांच्या मध्ये उभी होती. तिने एका हाताने हिल्माचं दार उघडलं, ते नेहमीप्रमाणे थोडं खाली आलं, ते तिने गुडघ्याने वर उचलून लावलं आणि निकाल दिला. "लग्नाला हिल्मातून जायचं. टोचन लागलं नाही आणि आईने कुरकुर केली नाही, तर हिल्मा राहील. दोन्हींतलं एक जरी झालं, तर भंगारात जाईल आणि रेमंडची व्हॅन येईल. मी आता चाळिशीत आहे, ड्वाइट. मला दार एका हाताने लावायचंय."

टोचनाची ड्वाइटला काळजी नव्हती. रेडिएटर, बेल्ट, पाण्याचा पंप, सगळं त्याने पुन्हा एकदा खोलून बसवलं. काळजी दुसऱ्या अटीची होती. लॉर्नाची आई, जिला सगळं घर मुम्मू म्हणायचं, एक्याऐंशी वर्षांची होती आणि कुरकुर हा तिचा पोटापाण्याचा धंदा असावा इतक्या नियमाने ती करायची. त्यात लग्न शनिवारी.

"शनिवारी सौना असतो," मुम्मू म्हणाली. सौना म्हणजे लाकडी खोलीत तापलेल्या दगडांवर पाणी मारून घ्यायची वाफेची आंघोळ, आणि मग गार पाण्यात उडी.

"आई, एक शनिवार."

"माझा जन्म सौनात झाला. शनिवार होता. तेव्हापासून एकही चुकलेला नाही. त्या नॉर्वेजियनांकडे काय आहे?"

"बाथटब आहे," लॉर्ना हळूच म्हणाली.

"स्वतःच्याच मळात बसून राहायचं," मुम्मू म्हणाली, "आणि त्याला आंघोळ म्हणायचं."

तरी नातीचं लग्न म्हणून ती निघाली. निषेध म्हणून तिने बर्चच्या कोवळ्या फांद्यांची जुडी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली. सौनात याच जुडीने अंगावर सपासप मारून घ्यायचं असतं. आज मार खायला कोणी नव्हतं, तेवढ्यासाठीच ती सगळ्यांना दिसेल अशी धरली होती.

सकाळी सहाला निघाले. हिल्मात नऊ माणसं, मागोमाग व्हॅनमध्ये एकटा रेमंड. लग्नाचे कपडे चुरगळू नयेत म्हणून व्हॅनमध्ये लटकवले होते. रेमंडची बायको आधीच पुढे गेली होती, त्यामुळे त्याला सोबत म्हणून कपडेच होते.

आठ वाजता ऊन आलं. साडेआठला ते तापलं. ड्वाइटच्या पायावर गरम वारा येत होता, तो त्याने इतका वेळ बुटांचा दोष मानला होता. पावणेनऊला त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि पाठीवरून घाम निघाला, तो फक्त गरमीचा नव्हता.

"बाबा," मागून सारी म्हणाली. सारी ही थोरली, पंधरा वर्षांची. "हिटर चालू आहे."

"हो का."

"मार्चपासून चालू आहे का?"

"मागच्या खिडक्या उघड," लॉर्ना म्हणाली. मग तिला रिव्हेट आठवले. मग तिला मार्च आठवला. तिने मान वळवून ड्वाइटकडे पाहिलं आणि आपली खिडकी खाली करायला घेतली. बोलली असती तर बरं झालं असतं.

लॉर्नाकडची पुढची खिडकी निम्मी खाली आली आणि दाराच्या आत कोसळली. त्यातून जे वारं आलं तेही गरमच होतं. पोरांनी स्वेटर काढले, शर्ट काढले, मोजे काढले. ओटोने सगळंच काढलं. सारीने सौनाचा थर्मामीटर कपड्यांच्या पिशवीतून काढला. तिने तो का घेतला होता हे तिलाही सांगता आलं नसतं, पण त्या घरातलं कोणीही तो घेतल्याशिवाय गावाला गेलं नसतं. तो तिने छताच्या हुकाला टांगला.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली.

पुढच्या सीटवर, ड्वाइट आणि लॉर्नाच्या मध्ये, मुम्मू डोळे मिटून बसली होती. ती बोलत नव्हती. मुम्मू गप्प आहे म्हणजे मोठी कुरकुर रचते आहे, हे ड्वाइटला सोळा वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं. आता ती तोंड उघडणार, आणि एकोणीस वर्षांची हिल्मा त्या एका वाक्यात भंगारात जाणार. त्याने पहिल्या पेट्रोल पंपावर गाडी घातली, उडी मारली आणि बोनेट उघडलं. काम पाच मिनिटांचं होतं. हिटरकडे जाणारा पाइप पकडीने दाबून धरायचा, गरम पाणी बंद, गोष्ट संपली. मार्चमध्ये हे त्याच्या डोक्यात आलं नाही, कारण मार्चमध्ये असली इच्छा कोणाला होत नाही.

त्याने पकड पाइपावर ठेवली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"जावईबापू, ते काय करताय?"

मुम्मू उतरली होती. चेहरा बीटासारखा लाल, डोक्याला रुमाल, हातात जुडी.

"बंद करतोय मुम्मू. दोन मिनिटं. चुकलं माझं."

"काढा ती पकड."

"अहो, आत चव्वेचाळीस आहे."

"तेच म्हणते मी," मुम्मू म्हणाली. "चव्वेचाळीस म्हणजे सौना नाही. ही सौनाची पडवी झाली. वाफही नाही. पण शनिवार आहे, पडवीवर भागवू. तुमच्याकडे बादली आहे का?"

रेमंड व्हॅनमधून उतरून आला होता. त्याने जाकीट घातलं होतं, कारण एसी बंद कसा करायचा हे त्यालाही सापडलं नव्हतं. "ताई," तो लगबगीने म्हणाला, "आई 'वाफ नाही' म्हणाली. ही कुरकुर धरायची."

लॉर्नाने विचार केला. "सूचना आहे ती," ती म्हणाली.

मग पुढचा प्रवास जसा व्हायला हवा तसा झाला. सगळ्यांनी पंपाच्या बाथरूममध्ये पोहायचे कपडे घातले. मुम्मूने लांब पांढरा सुती झगा घातला. हिटरच्या मागच्या बाकांकडे उघडणाऱ्या तोंडाला ओला टॉवेल टांगला, त्यावर सारी मगाने पाणी मारायची आणि सगळी गाडी "आऽह" करायची. काचा धुरकटल्या. ड्वाइटसमोरची तेवढी काच लॉर्ना पुसत राहिली. जुडी हातोहात फिरत होती. इंजिनाचा काटा मात्र मध्यावर शांत उभा होता. चढावर बाकीच्या गाड्या तोंड उघडून बाजूला उभ्या होत्या आणि हिल्मा आपली सगळी उष्णता नऊ माणसांच्या अंगावर सोडून, हलक्या मनाने वर चढत होती.

"एक्कावन्न," सारी म्हणाली.

"बघा, जमतंय," मुम्मू म्हणाली. "आता तळं बघा."

त्या रस्त्यावर तळ्यांना तोटा नाही. दर अर्ध्या तासाने हिल्मा काठाला थांबायची, पाचही दारं उघडायची, वाफेचा लोट बाहेर पडायचा आणि त्यातून एकामागोमाग नऊ लाल माणसं धावत जाऊन पाण्यात पडायची. दुसऱ्या तळ्यावर गळ टाकून बसलेला एक म्हातारा हे बघून उठला, गळ गुंडाळला आणि घरी गेला.

तिसऱ्या तळ्यावर रेमंड हिल्माजवळ आला. त्याचे ओठ निळे होते.

"दाजी, जरा बसू का आत?"

"नऊ सीट आहेत रे. मोजून नऊ माणसं."

"मी चालवते व्हॅन," लॉर्ना म्हणाली.

ड्वाइटच्या मनात आलं, हेच व्हायचं राहिलं होतं. लॉर्ना व्हॅनमध्ये चढली, दार एका हाताने लावलं, ते पहिल्या फटक्यात लागलं. तिने ते पुन्हा उघडून पुन्हा लावून पाहिलं. ड्वाइटने हे आरशात बघितलं आणि स्टार्टर मारला.

पुढचे चाळीस मैल तो गाडी चालवत होता आणि आरशात त्या पांढऱ्या व्हॅनकडे बघत होता. शेजारी रेमंड पाठ उघडी करून वाकला होता आणि मुम्मू त्याला जुडीने बडवत होती.

"लहानपणी सौनातून पळायचास," ती म्हणाली. "आता कुठे जाशील? दाराला हँडल नाही आतून."

"आहे, आई, हँडल आहे."

"गेल्या आठवड्यात निघालं," ड्वाइट म्हणाला.

चौथ्या तळ्यावर व्हॅन मागे येऊन थांबली. लॉर्ना उतरली. अंगावर काटा, केस एकदम कोरडे. ती हिल्मापाशी आली आणि दाराला हात लावून उभी राहिली.

"कशी आहे?" ड्वाइटने विचारलं. आवाज शक्य तितका सहज ठेवला होता.

"चांगली आहे. गार आहे. सरळ चालते. खडखड नाही." तिने दंडावरचा काटा चोळला. "चाळीस मैल मी एकटीच बोलत होते. पोरं दिसत होती पुढे, धुरकट काचेतून. तुम्ही सगळे हसत होतात आणि कशाला हसताय ते मला ऐकू येत नव्हतं."

"रेमंडला मार बसत होता."

"मला ते बघायचं होतं," लॉर्ना म्हणाली. मग रेमंडकडे वळून, "जा, आपल्या गाडीत बस. आणि ती दुसऱ्या कोणाला तरी विक."

"ताई, टोचनाचं अजून ठरायचंय. परतीचा रस्ता आहे."

"रेमंड, ऊठ माझ्या जागेवरून."

लग्नाला ते दहा मिनिटं आधी पोहोचले. केस ओले, कपडे कडक इस्त्रीचे, चेहरे तुपात तळल्यासारखे तुकतुकीत. नवऱ्याची आई म्हणाली की इतकं स्वच्छ कुटुंब तिने आयुष्यात पाहिलं नाही. जेवणं झाल्यावर आवारात हिल्मा सुरू करून ठेवावी लागली, कारण मुम्मूने चार म्हाताऱ्या नॉर्वेजियनांना आत बसवून दार लावून घेतलं होतं. सुरुवातीला ते घाबरले. नंतर त्यांना बाहेर काढायला वेळ लागला. परतीच्या वाटेवर टोचन लागलं नाही.

लग्नानंतर मागवलेला नवीन कॉक ऑगस्टमध्ये आला. ड्वाइट शहाणा झाला होता. त्याने तो नीट बसवला, पंख्याला बटण लावलं, मागच्या खिडक्यांचे रिव्हेट काढले आणि लॉर्नाचं दार असं बसवलं की ते एका बोटाने लागावं. मग हात पुसत त्याने सगळ्यांना बोलावून दाखवलं. बटण दाबलं, हिटर बंद. दाबलं, चालू. दाबलं, बंद.

शनिवारी संध्याकाळी तो सौनात लाकडं घालायला निघाला, तेव्हा मुम्मू हिल्माच्या पुढच्या सीटवर बसलेली दिसली. पांढरा झगा, डोक्याला रुमाल, मांडीवर जुडी. खरा सौना तिथून वीस पावलांवर होता.

"गार आहे," ती म्हणाली. "बिघडवलीत ना शेवटी."

ड्वाइट काही बोलायच्या आत घराचं दार वाजलं. लॉर्ना खांद्यावर टॉवेलांचा ढीग घेऊन येत होती, मागे सहा पोरं, सर्वांत मागे बादली घेऊन ओटो, अंगावर काहीही नसलेला. लॉर्ना आपल्या जागेवर बसली, एका बोटाने दार लावलं आणि हात लांबवून हिटरचं बटण दाबलं.

"चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"तळ्यापर्यंत. लांबच्या रस्त्याने."